मेरी-गो-राउंडची नवी आवृत्ती

आमच्या सीनियरला ऑफिसात सगळे झाडू म्हणतात. जुना कोड दिसला की त्याचे हात शिवशिवतात. यंत्रांच्या मोटरी फिरवणारा प्रोग्रॅम लिहिताना आयती वापरता येतील अशा फंक्शनांची, म्हणजे तयार आज्ञांची, एक लायब्ररी आम्ही दोघं सांभाळतो. त्यातल्या ‘फिरव’ची दिशा पहिल्यापासून उलटी. लोक त्यावरून आमचा उद्धार करतात, आणि झाडूला ती एकदाची सुलट करायची होती.

हरकत एकाचीच आली, मेरी-गो-राउंडवाल्या काकांची. “ताई, माझे घोडे मागे पळतील हो!” ती उलटी दिशा धरूनच त्यांचा प्रोग्रॅम लिहिणारा भाचा परदेशी गेलेला, काकांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि नवी आवृत्ती यंत्रात आपोआप उतरते. घोडे बिघडले की काकांचा धंदा बसला.

“एकट्यासाठी सगळ्यांनी उलटं चालायचं?” झाडू म्हणाला.

मी त्याला हाताला धरून काकांच्या मेरी-गो-राउंडकडेच नेलं. फाटक अजून बंद होतं, बाहेर पोरं लटकलेली. झाडू ऐटीत पांढऱ्या घोड्यावर बसला. मी नवी आवृत्ती चढवली आणि काकांनी बटण दाबलं.

घोडे शेपटीकडे निघाले! मला हसू आवरेना, काकासुद्धा पोट धरून हसत होते.

“बरं, थांबवा आता,” झाडू म्हणाला. काकांनी थांबायचं बटण दाबलं.

आणि घोडे सुसाट सुटले. ‘फिरव’ आम्ही बदललं होतं, पण ‘थांबव’ला हातच लावला नव्हता. ते बिचारं जुन्याच हिशेबाने मागे जोर देत होतं, म्हणजे पळत्या घोड्यांना आणखी ढकलत होतं.

“जुनं आणा! अगं बाई, जुनं आणा!” झाडूने घोड्याच्या गळ्याला मिठी मारली. आता मात्र माझी घाबरगुंडी उडाली. काकांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

झाडू उतरला तो थेट गवतावर आडवा. “‘फिरव’ आहे तसं राहू दे,” तो डोळे मिटूनच म्हणाला. “सुलटं वेगळ्या नावाने दे. ज्याला हवं तो घेईल.”

मी जुनी आवृत्ती परत चढवली. घोडे तोंडाच्या दिशेने डुलत निघाले. काका नुसते बघत राहिले. मला एकदम भरून आलं.

फाटक उघडताच पोरांनी त्यांना घेरलं. “काका, आम्हाला मघासारखं मागे न्या ना!”

काकांनी झाडूकडे पाहिलं.

“मागे जायला नवं बटण देतो,” तो गवतावरून ओरडला, “पण तुमच्या या बटणाला कोणी हात लावला तर गाठ माझ्याशी आहे!”