तीस हजार एकतीस

मी फरशा बसवतो. एक फरशी कागदाइतकी वर आली तरी मी ती उखडतो, मग घरमालक कितीही बोंबलू दे. त्यामुळे भाचीचा तपासलेला पेपर पाहून माझं डोकं फिरलं ते काही उगाच नाही.

प्रश्न होता, ३००३१ ही मूळ संख्या आहे का? म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही ना? भाचीने लिहिलं होतं, 'नाही'. पेन्सिलींची टोकं कुरतडते म्हणून तिला आम्ही खारू म्हणतो. तिच्या उत्तरावर सरांची लाल फुली होती. दोन गुण गेले. विज्ञानाच्या निवासी शाळेसाठी सर वीस मुलं निवडणार होते आणि खारू एका गुणाने एकविसावी होती. यादी चारला वर जायची होती. आता तीन वाजून गेले होते.

"मामा, तू ओरडणार नाहीस ना?"

"छे गं," म्हणालो आणि शिक्षकांच्या खोलीत पहिलंच वाक्य ओरडून बोललो.

सरांनी शांतपणे खडू घेतला. "दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. यांचा गुणाकार तीस हजार तीस. त्यात एक मिळवला. आता या सहांपैकी कशानेही भागा, एक उरतोच. म्हणून मूळ. बावीस वर्षं शिकवतोय मी हे."

"पण सर, तेरालाच का थांबायचं?" खारू म्हणाली. "मी सतरापासून पुढे बघत गेले. एकोणसाठने भाग जातो."

मला मूळबिळ कळत नाही, फरशा कळतात. तीस हजार एकतीस फरशा, एकोणसाठ ओळी, ओळीत पाचशे नऊ, आणि तुकडासुद्धा उरत नाही. मी सरांच्या हातातला खडू घेऊन फळ्यावर सगळा गुणाकार मांडला. सरांचे कान लाल झाले.

त्यांनी उठून दार लावलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हिचं धरलं तर बाकी सगळ्यांचे दोन-दोन गुण कापायचे. वरचे विचारणार, बावीस वर्षं काय शिकवलंत?"

"मग सांगा ना, चुकलो म्हणून! जीभ झडते का?"

"त्यापेक्षा हिने 'नाही' खोडून 'आहे' लिहावं. तपासताना माझी नजरचूक झाली म्हणतो. नाव आजच यादीत घालतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस आहे की कोण हा? पोरीने वर्षभर डोळे फोडून अभ्यास केलेला, घरी ताई फोनला चिकटून बसलेली, आणि घड्याळात चाराला दहा कमी. मला सरांचा संताप आला, त्या घड्याळाचा आला, आणि त्याच संतापात मी तिच्यावर खेकसलो, "लिही!"

खारू माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पेन घेतलं, 'नाही' खोडलं आणि स्वच्छ अक्षरात 'आहे' लिहिलं. सरांनी दोन गुण दिले.

जिना उतरताना मी सरांच्या सात पिढ्या उद्धरल्या. खोटारडा, भित्रा, लाज विकून खाल्लेला! 

"मामा," शेवटच्या पायरीवर खारू म्हणाली, "गुणाकार तर तूच करून दाखवला होतास."