शनिवारी तो एकटा बसला

मी खुर्ची बोलतेय. कागदोपत्री माझं नाव व्हीलचेअर; पण पक्षाघातानंतर जयंतच्या जिभेला मोठे शब्द पेलत नाहीत, म्हणून या घरात मी नुसती खुर्ची.

हॉस्पिटलच्या स्टोअरमधून मी नॉटिंगहॅमच्या या घरी आले, तेव्हा माझ्या सीटवर आधीच्या कुणाच्या तरी बसण्याचा खळगा होता. जयंत सॉफ्टवेअरमधला माणूस, रोज पहाटे नदीकाठी पळायला जाणारा. पहिल्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची बायको वरदा म्हणाली, "शत्रू नाहीये रे ती तुझी."

वरदा त्याला अंघोळ घालते, भरवते, रात्री कूस बदलून देते. त्यासाठी सरकारकडून तिला केअरर्स अलाउन्स, म्हणजे आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याचा भत्ता मिळायचा. दुपारी ती एका शाळेच्या किचनमध्ये काम करायची. हा भत्ता घेणाऱ्याची कमाई ठरावीक मर्यादेतच असावी लागते. एखाद्या पौंडाने जरी ती ओलांडली, तरी त्या आठवड्याचा अख्खा भत्ता जातो.

शाळेने सगळ्यांचा पगार थोडा वाढवला. वरदाने त्या आनंदात शिरा केला. आपण मर्यादेबाहेर गेलो, हे भत्त्याच्या ऑफिसला कळवायचं असतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

वर्षभराने पत्र आलं. त्या सगळ्या वर्षाचा भत्ता परत करा. चार हजार पौंडांहून जास्त.

वरदा माझ्या हातावर टेकून उभी राहिली. "मी चोर आहे का रे, जयंत?"

जयंतने जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती मला ढकलत हॉलमध्ये नेत होती. जयंतने चांगल्या डाव्या हाताने दाराची चौकट गच्च पकडली. मी अडकले.

"सोड, मला उशीर होतोय."

"नोकरी... सोड," तो म्हणाला. "भत्ता... येईल."

"नाही सोडणार."

"माझ्या... मुळे."

"हो, तुझ्यामुळेच!" वरदा ओरडली. मग तिचा आवाज उतरला. "जयंत, अख्ख्या गावात ती एकच जागा आहे, जिथे मला कुणी 'जयंत कसा आहे' असं विचारत नाही. तिथे मला फक्त वरदा म्हणून हाक मारतात. तेवढं राहू दे मला."

त्याला ते लागलं. पाठीचा ताठपणा मला कळतो. मग त्याने चौकट सोडली.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं सल्ला केंद्रात गेलो. तिथल्या नीनाताईंनी पगाराच्या स्लिपा पाहिल्या. "तुम्ही पेन्शनमध्ये पैसे भरता ना? त्यातला अर्धा भाग कमाईतून वजा होतो. हे तुम्ही त्यांना सांगितलंच नाही. आपण फेरविचार मागू. पण सगळं माफ होईल असं समजू नका."

तसंच झालं. काही आठवडे मर्यादेच्या आत निघाले, रक्कम कमी झाली. उरलेली फेडायचीच होती, तीही भत्त्याशिवाय, कारण पगार अजून मर्यादेबाहेरच होता. वरदाने फोनवर हप्ता ठरवून घेतला आणि एका कॅन्टीनमध्ये शनिवारचं सकाळचं काम धरलं.

"पण तुला पलंगावरून उठवणार कोण?" तिने विचारलं.

"मी," जयंत म्हणाला.

फिजिओ श्रद्धाने त्याला एकट्याने पलंगावरून माझ्यात यायला शिकवलं. रोज तिच्या देखत तो प्रयत्न करायचा आणि घामाघूम व्हायचा. पहिल्या शनिवारी वरदा जड पावलांनी गेली. घरात आम्ही दोघंच. जयंतने माझा हात पकडला, शरीर उचललं, आणि अर्ध्यावर त्याचा पाय सरकला. त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं. माझे ब्रेक करकरले. मी जमीन धरून राहिले. दोनदा तो मागे पलंगावर पडला. तिसऱ्यांदा धाडकन माझ्यात येऊन बसला, वाकडा, पण बसला.

वरदा धावत आली ती कोटासकट. तो खिडकीशी होता. ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली.

"कॅन्टीन... कसं?" त्याने विचारलं.

मग ती तासभर बोलत होती.

माझं रेक्झिन आता फाटलंय, पुढचं चाक डावीकडे ओढतं. हप्ते अजून चालू आहेत. तुमच्या घरातही कुणी कुणाला उठवत-बसवत असेल, तर पगार वाढला की आधी भत्त्याच्या ऑफिसला फोन करा, शिरा मागून करा. आणि त्या उठवणाऱ्या माणसाने संध्याकाळी दार उघडलं, की त्याचा दिवस कसा गेला तेही विचारा.