छातीत अडकलेली तूर

मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो. उंचीने तुमच्या कमरेइतका, अंगाने दणकट आणि सध्या नशिबाने स्टूल. स्टूल कसा झालो, तेच सांगतो.

माझा जन्म उदगीरचा. धान्याचे अडते चन्नबसप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, यांनी बसवजयंतीच्या मिरवणुकीसाठी मला करवून घेतले. जाड प्लायवूडची पेटी आणि आत कागदी पडदा. मी गरजलो की लोक म्हणत, "आवाज लई खणखणीत हाय!" मी फुगून जाई. पण मिरवणूक वर्षातून एकदाच. एरवी मी दुकानाच्या माडीवर असे आणि अप्पांची मुले, रुद्रेश आणि वीरेश, माझा ताबा घेत.

थोरल्या रुद्रेशचा जीव ब्लॅक सॅबथ या विलायती रॉक बँडवर, धाकट्या वीरेशचा लेड झेपलिन या दुसऱ्या बँडवर. रुद्रेशला हैदराबादला जाऊन ड्रम शिकायचे होते, त्याची बोटे सदा माझ्या पाठीवर ताल धरीत. दोघांचे भांडण एकच, कोणाचे संगीत जास्त 'हेवी', म्हणजे जड? रुद्रेश म्हणे, "पुढचं समदं हेवी मेटल सॅबथच्या पोटातून आलंय." वीरेश म्हणे, "झेपलिनचं किती जणांनी उचललं ते बघ की! आन् ते ड्रम ऐक!" मला मेल्याला कोणी विचारलेच नाही. झेपलिनचे ड्रम माझ्या छातीवर धाडधाड आदळत आणि निघून जात. सॅबथची गिटार सावकाश येई आणि छातीवर बसूनच राही.

अडत्याची पोरे ती, मोजल्याशिवाय त्यांचे समाधान कसे व्हावे? एका दुपारी त्यांनी मला उताणे पाडले, जाळी काढली आणि पडद्यावर पसाभर तूर ओतली. झेपलिन लावून उडालेली तूर तराजूच्या एका पारड्यात घातली. मग पुन्हा तेवढीच तूर ओतून सॅबथ लावले आणि उडालेली दुसऱ्या पारड्यात घातली. झेपलिनचे पारडे खाली गेले. वीरेश नाचू लागला.

एवढ्यात त्यांची आई लक्ष्मम्मा सूप घेऊन दारात उभी राहिली. "काय करायलाव रे? आन् उडालं ते जड कसं? सुपातून उडतंय ते फोल. भरीव दाणा जाग्याला ऱ्हातो."

रुद्रेशला हत्तीचे बळ आले. "अव्वा, म्हंजे सॅबथच जड!" निकाल पक्का करायला त्याने आवाज पार टोकाला नेला. माझा पडदा टर्रकन फाटला आणि मूठभर दाणे माझ्या पोटात गेले.

अप्पा वर आले. धान्यावर पोट असलेल्या घरात तूर पायदळी पडलेली पाहून त्यांचा पारा चढला. "लक्ष्मी उधळताव व्हय रे?" मला गोदामात कोंडले आणि थोरला म्हणून रुद्रेशला दुकानाच्या गादीवर बसवले. हैदराबाद राहून गेले. वीरेश पुण्याला शिकायला गेला आणि तिकडचाच झाला.

गोदामात माझ्यावर सोयाबीनची पोती रचली. जीव गुदमरे. भिंतीपलीकडून रुद्रेशची बोटे तराजूच्या पारड्यावर वाजताना ऐकू येत. गिऱ्हाईक आले की थांबत. भिंतीच्या अलीकडे मी कोंडलेला, पलीकडे तो. अप्पा गेले, तरी तो काही गादीवरून उठला नाही.

यंदा गोदाम रिकामे केले. भंगारवाल्याने मला उचलले, तोच रुद्रेश म्हणाला, "ऱ्हाऊ दे." आता त्याचे डोके पांढरे झाले होते. त्याने मला दुकानात आणले, तारा जोडल्या, कॉम्प्युटरवर सॅबथ लावले आणि वीरेशला फोन केला. मी सगळा जीव गोळा केला. फाटका पडदा फरफरला, पोटातली तूर खडखडली.

फोनमधून वीरेश हसला. "अण्णा, तूर अजून आतच हाय व्हय?"

"हाव," रुद्रेश म्हणाला. "ती काय उडाली न्हाई."

तेवढ्यात बाहेर मालाची गाडी लागली. रुद्रेशने मला बंद केले आणि गादीशेजारी ठेवले. तेव्हापासून माल घेऊन येणारे माझ्यावर बसतात.

मित्रांनो, ज्याला वाजता येते त्याच्यावर बसू नका. माझा पडदा नवा बसतो, पोटातली तूर काढता येते, कोणी मनावर घेतले पाहिजे. कधी उदगीरच्या अडतीवर आलात तर मला एकदा वाजवून बघा. आणि गादीवरच्या त्या माणसाची बोटे पारड्यावर ताल धरून असतील, तर कृपा करून थोडा वेळ त्याला हाक मारू नका.