बिनउंबऱ्याचं घर

हॉस्पिटलात एक्स-रे काढणाऱ्या बाईंचं खरं नाव पगाराच्या यादीतच काय ते उरलं होतं. दिवसातून साठ-सत्तर वेळा 'हलू नका' म्हणायचं, म्हणून वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना हलूनकाबाई म्हणत. समोरच्या खिडकीत औषधं देणारी त्यांची मैत्रीण बुटकी आणि गोल, म्हणून ती गोळी. ती स्वतःच फोन उचलून 'गोळी बोलतेय' म्हणायची, म्हणजे चिडवणाऱ्यांचं काही चालायचंच नाही.

हलूनकाबाईंनी तेहतीस वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या खुब्याची मोडलेली हाडं पाहिली. कुणी बाथरूममध्ये घसरलेलं, कुणी उंबऱ्याला अडखळलेलं, कुणी वरच्या फळीवरचा डबा काढताना स्टुलावरून गेलेलं. लोक म्हातारपणासाठी पैसे साठवतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे डोंगर, समुद्र, आरामखुर्ची असलं काहीतरी असतं. बाईंच्या डोळ्यांपुढे एक बिनउंबऱ्याचं घर होतं. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. गोळीचा नवरा लवकर गेलेला आणि मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात. एकदा जेवणाच्या सुट्टीत बाई म्हणाल्या, "आपण दोघी मिळून घेऊ. तळमजल्यावर, दोन खोल्या."

"घेऊ की," गोळी म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

झालं! पुढची बावीस वर्षं दोघींनी पोटाला चिमटा काढून पैसे बाजूला टाकले. सहली नाहीत, दागिने नाहीत. बाईंनी तर एकच छत्री अकरा वर्षं वापरली आणि वर त्या छत्रीचं कौतुक ऐकवून लोकांना पिडलं.

घर घेतल्यावर बाईंनी गवंड्याच्या आणि सुताराच्या अगदी बोकांडी बसून काम करून घेतलं. बाथरूममध्ये धरायला तीन दांडे. खरखरीत फरशी. व्हीलचेअर वळेल एवढी दारं. व्हीलचेअर अजून कुणालाच लागत नव्हती, पण बाईंचा हिशेब पक्का होता. स्वयंपाकघरातल्या फळ्या गोळीचा हात पोचेल इतक्या खाली लावल्या. बाई चांगल्या उंच, त्यांना मीठ काढायलाही वाकावं लागे, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन महिने आधी निवृत्त होऊन त्या तिथे राहायलाही आल्या. गोळीचा नोकरीतला शेवटचा दिवस शुक्रवारी झाला. रविवारी ती सामानासकट येणार होती.

रविवारी दुपारी दोन वाजता गोळी आली. हातात फक्त पर्स.

"सामानाची गाडी कुठे राहिली?" बाईंनी तिच्या मागे रस्त्याकडे बघत विचारलं.

"बसू तरी दे आधी."

बाईंनी बसू दिलं नाही. आधी सगळं घर दाखवलं. दांडे धरून दाखवले, ओढून दाखवले, गोळीलाही ओढायला लावलं. गोळी मान डोलवत राहिली. शेवटी दुसऱ्या खोलीत, स्वतःसाठी अंथरलेल्या कोऱ्या पलंगाच्या कडेला टेकून ती म्हणाली, "मी मुलाकडे चाललेय गं. कायमची. परवा निघायचंय."

बाईंच्या तोंडातून निघाला तो चौकशीचाच सूर. "त्यानं कधी विचारलं?"

"झाले आठ महिने."

"आठ महिने! अगं, मग मार्चमध्ये फरश्या बघायला कशाला आलीस? तासभर ओल्या पायांनी त्यांच्यावरून चालून दाखवलंस मला!"

"तू इतकी खुशीत होतीस. माझ्या तोंडून शब्द फुटेना."

बाई खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "त्याच्याकडे जिना आहे."

"आहे. दोन जिने आहेत."

"पडशील."

"पडेन कदाचित," गोळी म्हणाली. "तुझ्या घरात मी पडणार नाही, हे पटलंय मला. पण सकाळी उठून दोघींनी करायचं काय, हे बावीस वर्षांत एकदा तरी बोललो का आपण? तू सांगत गेलीस, मी हो हो करत गेले. माझंही चुकलंच. तिकडे नातीला शाळेत सोडायचंय, तिच्या वेण्या घालायच्यात. मला ते हवंय गं."

काय बोलायला हवं ते बाईंना पुरतं ठाऊक होतं. राहा. मला तुझ्याशिवाय कुणी नाही. मला एकटीला भीती वाटते. तीन साधी वाक्यं, अगदी ओठांवर आलेली. आणि या बाई बोलल्या काय, तर "कॅल्शियम बंद करू नकोस."

जन्मभर औषधं विकलेली गोळी त्यावर हसली, हसता हसता तिचे डोळे भरून आले. घरातला माझा वाटा राहू दे, मी येत जाईन, असं ती दोनदा म्हणाली. येत जाईन असं जाणारं प्रत्येक माणूस म्हणतं. बाईंनी केलेला चहा तसाच ठेवून ती निघाली. उंबरा नसलेल्या दारातून जाताना सवयीनं तिनं पाय उचललाच. बाई ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिल्या.

चारला वायरमन आला. साठीला टेकलेला, गुडघ्यांवर हात देऊन उठणारा माणूस. त्याला दोन्ही पलंगांशी एकेक बटण बसवायचं होतं. या खोलीतलं दाबलं की त्या खोलीत घंटा, त्या खोलीतलं दाबलं की या खोलीत. रात्री-बेरात्री कुणाला काही झालं तर हाक मारायला नको, ही बाईंचीच योजना. आता नको म्हणून सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यांनी त्याला दोन्ही पलंग दाखवले आणि त्यानं तासाभरात काम उरकलं.

"ताई, मी पलीकडे थांबतो. तुम्ही तुमचं दाबून बघा!"

बाई आपल्या पलंगावर बसल्या आणि बटण दाबलं. पलीकडे घंटा खणखणली. लगेच पावलं वाजली आणि वायरमन दारात येऊन उभा राहिला. माणूस गमत्या होता. "आलो! बोला, काय होतंय?"

बाईंनी पलंगावरची चादर सारखी केली.

"काही नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "चांगली वाजते."

त्यानं हत्यारं भरली, पैसे घेतले, पिशवी खांद्याला लावली.

"पुन्हा एकदा बघू या का?" बाई म्हणाल्या.

"काही बिघडायचं नाही ताई. दहा वर्षं बघायला नको."

"तरी पण."

त्यानं बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि पलीकडच्या खोलीत जाऊन उभा राहिला. बाईंनी बटण दाबलं.