दुसरी वेलांटी

...लाल दोऱ्याचं टोक. बोटाभोवती तीनदा गुंडाळलं तरी उरतंच, आणि सोडलं की झरझर उलगडत जातं. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याची पट्टी, पुस्तकात खूण म्हणून घालायची. ग्रंथालयानं आजच्या कार्यक्रमासाठी अशा दोनशे पट्ट्या छापून घेतल्या होत्या, आणि प्रत्येकीवर सोनेरी अक्षरांत तिचं वाक्य... तिचं! ‘दार उघडं ठेव. देव येईल तुझा.’ खाली तिचं नाव, नावाखाली तेवणारा दिवा. दिवा कुणी सांगितला होता यांना?

"सोनेरी केलं शेवटी," समोर चहाला बसलेले भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे तिचा दीर, नवऱ्याचा धाकटा भाऊ. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि स्वतः एकदाही कुठं वेळेवर पोचले नाहीत. लग्नसुद्धा मुहूर्ताला उशीर होईल या धास्तीनं केलं नाही, असं तेच सांगतात. राहतात खालच्या खोलीत, पण नवरा दुकानावर गेला की चहाला वर येतात. "वहिनी, आता माझा एखादा पुतळा उभारा. चौकात नको, रहदारीला अडचण होते."

"चहा घ्या मुकाट्यानं."

"देवाशी असं बोलतात का?"

ती हसली, आणि हसता हसता तीच जुनी टोचणी लागली. कारण तिनं लिहिलं होतं ‘दीर’. साधा, घरातला, उशिरा जेवायला येणारा दीर. कादंबरीतली सासू बाहेर जाताना सुनेला बजावते — दार उघडं ठेव, दीर येईल तुझा, ताट झाकून ठेव. एवढंच. पण तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दुसऱ्या वेलांटीचा दांडा खाली यायचाच नाही, तिची मात्रा व्हायची, आणि ‘र’ची शेपटी वळून पोटाला चिकटली की झाला ‘व’. छापखान्यातल्या अक्षरजुळणी करणाऱ्यानं जे दिसलं ते जुळवलं. दिराचा देव झाला. आणि बावीस वर्षांपूर्वीच्या त्या साध्यासुध्या घरगुती कादंबरीला लोकांनी डोक्यावर घेतलं. एका प्राध्यापकांनी नुसत्या झाकलेल्या ताटावर अकरा पानं लिहिली. झाकलेलं ताट म्हणजे अव्यक्त ब्रह्म. त्या ताटात काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं... कालची उरलेली भाजी.

"आज सांगून टाकणार आहे," ती म्हणाली.

भाऊजींनी कप खाली ठेवला. "नक्की?"

"नक्की."

"मग मी येतो ऐकायला. वेळेवर."

"तुम्ही?"

"शेवटाला तरी पोचेनच की!"

वरच्या दाराचं कुलूप भाऊजींवर सोपवून ती निघाली. ग्रंथालयापर्यंत पायी वीस मिनिटं. रस्त्याच्या कडेनं चालताना पट्टी पिशवीत होती, तरी दोरा बाहेर लोंबत होता आणि दर पावलाला मनगटाला गुदगुल्या करत होता. सोन्याची सुरी असली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही — मग मी का घेतली? तीन वर्षं झाली, एक ओळ टिकलेली नाही. बसते, लिहिते, आणि लिहिलेली ओळ लगेच त्या ओळीशेजारी उभी करून बघते... हिला कुणी सोन्यात छापेल का? नाही छापणार. खोड. पुढची लिही. तीही खोड. स्वतःच्या ओळीपुढं हरले असते तर निदान मान तरी होता, पण ही तर माझी नाहीच. छापखान्यातल्या कुणा अनोळखी माणसाच्या डुलकीची. परक्याच्या डुलकीपुढं मी तीन वर्षं हात जोडून बसले आहे! हा विचार आला आणि तिला फुटपाथवरच हसू फुटलं. समोरून येणाऱ्या बाईंनी ओळखीचं समजून हसून मान डोलावली. तिनंही डोलावली. आज सगळं हलकं वाटत होतं, दात काढून घ्यायला निघालेल्या माणसाला वाटतं तसं. उद्या बोलावणी येणार नाहीत, पत्रं थांबतील, पण परवा... परवा कदाचित एक ओळ येईल. साधी, पण घरची.

वाचनकक्षात तीसेक माणसं होती. फळ्यावर ग्रंथपालबाईंनी वळणदार अक्षरात विषय लिहिला होता — ‘प्रेरणा, अध्यात्म आणि नवोदितांना चार शब्द’. काय वेलांटी होती! दांडा ओळीपर्यंत सरळ उतरलेला. वारा येतो म्हणून दार लावून घेतलेलं. ती बोलली, नेहमीसारखंच बरं बोलली. रोज लिहा. जिन्यात लोक काय बोलतात ते ऐका, जिन्यात माणसं खरं बोलतात कारण तिथं बसायला जागा नसते. आवडलेलं विशेषण खोडताना हात थरथरला तरी खोडा. आणि अक्षर चांगलं काढा, ती म्हणाली, आणि एकटीच हसली. तीस माणसांनी ‘अक्षर चांगलं’ वहीत उतरवून घेतलं.

मग दुसऱ्या रांगेतली एक बाई उभी राहिली. चाळिशीची, खांद्याला भली मोठी पिशवी. "मी नर्स आहे. ड्यूटी संपवून थेट आलेय. ते वाक्य तुम्हाला सुचलं ना, तेव्हा नेमकं काय झालं होतं? म्हणजे समाधी वगैरे लागली होती का?"

या प्रश्नाला बावीस वर्षांचं पाठ उत्तर होतं — काही वाक्यं आपण लिहीत नसतो, ती येतात. अक्षरशः खरं, हीच त्यातली लबाडी. लोक डोळे मिटून मान डोलवायचे, आणि ती घरी येऊन भाऊजींना सांगायची आणि दोघं खी खी करत हसायचे, आणि मग ती टोचणी...

"ते मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "मी दीर लिहिलं होतं."

तिनं सगळं सांगितलं. कोंबडीचे पाय, वेलांटी, ‘र’ची शेपटी, कालची भाजी. ग्रंथपालबाईंचा हात टेबलावरच्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर होता, तो तिथंच राहिला. झालं, तिच्या मनात आलं, आता उठून जातील एकेक.

नर्स अजून उभीच होती. "म्हणजे मी इतकी वर्षं दिराची वाट बघतेय?" ती सावकाश म्हणाली. "अहो, मला तर दीरच नाही!"

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा कक्ष हसत सुटला, ग्रंथपालबाईसुद्धा, पदर तोंडाला लावून. नर्सही हसत होती, डोळे पुसत होती. "पण एक सांगते हं. आई गेली त्या वर्षी मी दार लावूनच बसायचे. तुमचं वाचलं आणि उघडं टाकायला लागले. देव काही आला नाही. शेजारची मांजर आली, तिच्यामागं शेजारीण आली. आता त्यात चूक कुठली काढायची, तुम्हीच सांगा."

ती सांगणार होती. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात — कुठून कोण जाणे — एक पेन्सिल आठवली. आखूड, मागचं रबर झिजलेलं. प्रुफं टेबलावर पसरलेली, दुसरं वाचन, आणि बोटाखाली तो शब्द... देव. म्हणजे दिसला होता! बावीस वर्षं मी म्हणत आले की प्रुफात नजरेतून निसटला. निसटला नव्हता. दिसला, हसू आलं, पेन्सिल उचलली, टोक शब्दाच्या वर धरलं — आणि ते तसंच धरलेलं राहिलं. किती वेळ? कारण पेन्सिल हवेत होती आणि दुपार एकदम मोठी झाल्यासारखी वाटली होती, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला होता, वहिनी, जेवायला आहे का काही? आणि ती उठली होती. ताटावरचं झाकण काढायला. परत येऊन पान उलटलं, पुढचं वाचलं.

म्हणजे दीर आला म्हणून देव राहिला.

की राहणारच होता? पेन्सिल खाली येत होती, का वर जात होती? तिनं खूप आठवून पाहिलं, हात तसा धरूनसुद्धा पाहिला, तीस माणसांसमोर, हवेत. नर्स तिच्या हाताकडे बघत होती. "ताई, बरं वाटतंय ना?"

"फार," ती म्हणाली. आणि खरंच वाटत होतं, कारण नसताना, परीक्षा रद्द झाल्यासारखं. माझी ओळ होती का नव्हती, ते आता छापखान्यातल्या माणसालाही विचारता येणार नव्हतं.

लोक पट्ट्यांवर सह्या घेऊन पांगत होते तेव्हा दार ढकलून भाऊजी आत आले, धापा टाकत. "संपलं?"

"संपलं. सांगितलं."

"मग? मारलं नाही ना कुणी?"

"भाऊजी, त्या दिवशी तुम्ही तीन वाजता जेवायला का आला होतात?"

"कुठल्या दिवशी? मी रोजच तीनला यायचो."

रस्त्यानं परतताना ते बोलत होते, ती ऐकत नव्हती. डोक्यात काहीतरी हलत होतं, अजून शब्द नव्हते, नुसती चाल होती, आणि नवल म्हणजे तिला ते त्या सोनेरी ओळीशेजारी उभं करून बघावंसं वाटत नव्हतं. घरासमोर भाऊजी एकदम थबकले. कपाळावर हात मारला.

"वहिनी, घाईत निघालो... वेळेवर पोचायचं म्हणून... वरच्या दाराला कुलूप लावायचं राहिलं हो. सताड उघडं आहे."

एरवी ती करवादली असती. आता तिनं नुसतं वर पाहिलं, दुसऱ्या मजल्याकडे, आणि भाऊजींना मागं टाकून, आत कोण येऊन बसलंय या उत्सुकतेनं, पायऱ्या भराभर चढू लागली.