पिनरची तिसरी गौर

माझ्या घरून कोणी उपाशी गेलेलं नाही, असं मी लंडनजवळच्या पिनरमध्ये पंधरा वर्षं सगळ्यांना ऐकवत आले. १९८८च्या गौरींनी माझा तो तोरा उतरवला.

त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये माझी ड्यूटी लांबली, म्हणून माझी मैत्रीण सुलक्षणा आधी येऊन गौरी सजवायला लागली. मी घरी पोचले तेव्हा हळदीकुंकवाला अकरा बायका जमल्या होत्या आणि माझ्या दोन पितळी मुखवट्यांशेजारी तिसरी गौर उभी होती. लाकडी, लांब नाकाची, डोळ्यांत शिंपल्याचे तुकडे. अंगावर माझी पैठणी, नाकात नथ आणि कपाळभर हळदकुंकू.

"ही कोण?" मी विचारलं.

"टॉवेलखाली झाकलेली होती, गौरींच्या बॉक्सशेजारी," सुलक्षणा म्हणाली. "म्हटलं, तुमच्याकडे तीन बसवत असतील. प्रत्येकाची रीत वेगळी, विचारायचं कशाला?"

बाकीच्या दहाजणींनीही असाच विचार करून मुकाट्याने कुंकू लावलं होतं. एरवी कोणाच्या सुनेला कितवा महिना, हे विचारल्याशिवाय यांचा चहा खाली उतरत नाही.

एवढ्यात माझी मुलगी मीनल जिन्यावरून खाली आली आणि पांढरीफटक पडली.

"आई, तो मास्क नोआचा आहे. He's his grandfather. आणि तो सहा वाजता येतोय, घ्यायला."

नोआ केंब्रिजमध्ये रिसर्च करणारा तिचा मित्र, पापुआ न्यू गिनीच्या एका बेटावरचा. आजोबा गेल्यावर त्याच्या मामाने कोरलेला हा मुखवटा म्हणजे त्याच्या लेखी आजोबाच; त्याला तो कोणाला हातही लावू देत नसे. मीनलला चित्रं काढायची होती, म्हणून केवळ विश्वासाने दिलेला.

"He'll never trust me again," म्हणत मीनल रडायला लागली. मलाही रडू येत होतं. मी ओला कापूस घेऊन धावले, पण कुंकू लाकडात मुरलं होतं. तेवढ्यात बेल वाजली.

नोआ थेट आजोबांसमोर जाऊन उभा राहिला. बायका गप्प झाल्या, हे मी प्रथमच पाहत होते. मी त्याची माफी मागितली.

"या सगळ्याजणी त्यांच्या पाया पडल्या?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"सगळ्या."

त्याने नथीला हळूच बोट लावलं आणि हसत हसत खालीच बसला. "निघताना आई म्हणाली होती, आजोबांना एकटं ठेवू नकोस. तीन वर्षं माझ्या सूटकेसमध्येच आहेत. आजीने हे पाहायला हवं होतं. आजोबा जन्मभर तिला घाबरून होते."

कुंकू त्याने पुसू दिलं नाही. आईसाठी फोटो काढला, चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि आजोबांना घेऊन गेला. मीनल त्याला स्टेशनपर्यंत सोडायला गेली. माझा जीव भांड्यात पडला.

जानेवारीत त्याच्या आईचं पत्र आलं, ते त्याने मला फोनवर वाचून दाखवलं. फोटो पाहून सगळं गाव हसलं होतं. त्यांना एकच विचारायचं होतं. दोन्ही बायांपुढे जेवणाचं ताट दिसतंय, आमच्या माणसापुढे का नाही?

नैवेद्याची दोन ताटं मी सकाळीच वाढून ठेवली होती आणि तिसऱ्याचं आम्हा बाराजणींपैकी एकीलाही सुचलं नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुढच्या वर्षी मी स्वतः नोआला फोन केला, आजोबांना घेऊन ये म्हणून. आधी पान त्यांना वाढलं आणि पोळीवर तूप जरा जास्तच घातलं. गौरी घरच्याच, त्या थांबल्या.