अठ्ठावीस हिरवे

"काकी, हात जरा धीरे चलाओ. ये बेर नहीं है, रबर है," फत्तेसिंग म्हणाला.

"भिया, झाडाला काय ठाऊक आपण कोण ते," जानकीबाई म्हणाल्या. बोलताना त्या फाटकाकडे बघत होत्या. हात खाली आपले आपण चालले होते. खुंटाच्या सालीला तीन चिरा दिल्या, साल उचलली, पाझरलेला पांढरा चीक फडक्यानं टिपला, काडीवरून कोंबाच्या डोळ्यासकट सोडवलेला सालीचा तुकडा आत सरकवला, वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळली. फाटकातून कोण आलं, कोण गेलं, हेही त्या मधून मधून सांगत होत्या.

फत्तेसिंगची नर्सरी देवासहून टोंकखुर्दकडे जाणाऱ्या रस्त्यावर. माळव्यात रबर होत नाही, हे साऱ्या जिल्ह्याला माहीत होतं. फत्तेसिंगच्या मेहुण्याला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. मेहुण्याची गंधवानीकडे डोंगरउताराची जमीन होती, आणि मेहुण्याला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. तेव्हा केरळातून बियांपासून वाढवलेले साठ खुंट आले. मागोमाग भरपूर चीक देणाऱ्या झाडाच्या काड्या ओल्या भुशात बांधून आल्या. बियांवरच्या रबराचा भरवसा नसतो, म्हणून नामांकित झाडाचा डोळा साध्या खुंटात भरायचा. तो जगला की वरचं मूळचं झाड छाटून टाकायचं.

हे काम कुणी करायचं, यावरून पेच पडला. कलमांच्या मांडवात मुख्य पाट एकच. छत्तीस वर्षं त्यावर जानकीबाई बसत, बोरीचे डोळे भरत. पण यंदा अल्पना आली होती, शेतकी कॉलेजातून पहिल्या वर्गात पास होऊन. घरात मराठी, शाळा हिंदी, कॉलेज इंग्रजी. त्यामुळे पोरगी तिन्ही भाषांत नम्र होती. फत्तेसिंगनं तोडगा काढला. दोघींनी तीस-तीस डोळे भरायचे. जिचे जास्त जगतील, पाट तिचा. दुसरीनं रोपांना पाणी घालायचं.

"मावशी, मी पाणी घालते ना. मला चालेल," अल्पना म्हणाली होती.

"हरायच्या आधीच? भर मुकाट्यानं."

जानकीबाईंचे तीस जेवणाआधी संपले. अल्पना एकेक काडी डोळ्यांसमोर धरून, उलटसुलट करून बघत होती. तिला पाच वाजले.

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. चाकूच्या टोकानं तुकडा जरासा खरवडायचा. काळा निघाला तर मेला, हिरवा निघाला तर जगला. अल्पनाचे एकवीस हिरवे निघाले. जानकीबाईंचे अठ्ठावीस.

"वा काकी! डिग्री-विग्री सब रह गई," म्हणत फत्तेसिंगनं कचोऱ्या मागवल्या. मेहुण्याला फोन लावला. अल्पनानं वाकून नमस्कार केला, तो मनापासून होता.

कचोऱ्या येईपर्यंत जानकीबाई रांगेतून फिरल्या, आईनं निकाल लागलेल्या पोरांवरून हात फिरवावा तशा. तिसऱ्या खुंटापाशी थांबल्या. खाली बसल्या. मग पुढचे सगळे खुंट बसल्या बसल्या सरकत पाहिले.

बोरीच्या काडीवर डोळ्यापाशी काटा असतो आणि त्याचं टोक खाली वळलेलं असतं. अंगठ्याला तो लागला की वरची बाजू कुठली ते कळतं, बघावं लागत नाही. छत्तीस वर्षं जानकीबाईंनी बघितलं नव्हतं. रबराच्या काडीला काटा नसतो. पान गळाल्याची खूण तेवढी असते, ती डोळ्याच्या खाली हवी. इथं नऊ खुंटांवर ती वर होती.

"अल्पना, इकडे ये."

अल्पनानं वाकून पाहिलं. तिच्याही ध्यानात आलं. ती हळूच म्हणाली, "मावशी, मी कुणाला नाही बोलणार."

"मग तुला बोलावलं कशाला मी?" जानकीबाई म्हणाल्या, आणि फत्तेसिंगला हाक मारली. "भिया, नऊ उलटे भरलेत मी."

"जिंदा तो हैं ना?"

"जिवंत आहेत. कोंब खाली तोंड करून निघेल, मग वर वळेल. बुंध्याला बाक राहील. चीक काढायला त्याच बुंध्याला पंचवीस-तीस वर्षं चिरा द्यायच्यात."

"अरे काकी, मेहुण्याला काय समजतंय."

"त्याला समजत असतं तर त्यानं रबर लावलं असतं का? पण मला समजलंय."

त्यांनी चाकू घेतला आणि नऊच्या नऊ हिरवे तुकडे काढून टाकले. खुंट दुसऱ्या बाजूनं कोरे होते, पुन्हा भरता येणार होते. राहिले एकोणीस. एकोणीस आणि एकवीस. कचोऱ्या आल्या, त्या गार होईपर्यंत तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जानकीबाई नेहमीच्या वेळी आल्या. अल्पना पाटाशेजारी जमिनीवर फतकल मारून बसली होती.

"वर बस. संध्याकाळपर्यंत कंबर धरेल."

"मावशी, आपण…"

"बस म्हटलं ना."

अल्पना पाटावर बसली. जानकीबाईंनी नळी उचलली आणि आधी त्या नऊ खुंटांना पाणी घातलं. मुळांवरची माती उडू नये म्हणून धारेखाली तळहात धरला. एकाचं पाणी पुरतं मुरेपर्यंत त्या तिथंच वाकून बघत राहायच्या, मग पुढच्यापाशी जायच्या.